‘मी’ची झडती: बुद्धांच्या ध्यानात नेमकं करतात काय?

दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून कुणी सांगलीत परतलं की पहिला प्रश्न ठरलेला. “मग, मन शांत झालं का?” विचारणाऱ्याचा दोष नाही. ध्यान म्हटलं की मिटलेले डोळे, ताठ पाठ आणि चेहऱ्यावर मंद हसू, असं कॅलेंडरवरचं चित्रच आपल्या डोक्यात बसलंय. शांतता मिळते, पुष्कळांना मिळते, आणि मिळाली तर चांगलंच आहे. पण बुद्धांचा रोख तिच्यावर नव्हता. त्यांनी माणसाला बसवलं ते चौकशीला. दिवसभर आपण मी, माझं, मला म्हणत असतो. तो ‘मी’ आपण नक्की कशाला म्हणतो, हे पोथीत न शोधता स्वतःच्या अंगात शोधायचं. सैरावैरा मनाला एवढं बारीक काही दिसत नाही, म्हणून ते आधी थोडं स्थिर करायचं. शांततेचं काम एवढंच.

स्थिर करण्याच्या भागाला समथ म्हणतात, निरखण्याच्या भागाला विपश्यना. सुरुवात बहुधा श्वासापासून होते. इथे प्राणायामाशी गल्लत होते, म्हणून सांगतो: श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजून सोडायचा नाही. लांब आला तर लांब आहे, आखूड आला तर आखूड आहे, एवढं कळलं पाहिजे. ‘आनापानसति सुत्ता’त (सुत्त म्हणजे बुद्धांचं प्रवचन) याच श्वासाच्या आधारानं सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. पण पहिल्या दोनच कुणाला सलग पाच मिनिटं जमल्या तरी शाबासकी द्यावी. मन श्वासावरून उठून विजेच्या बिलावर जातं, तिथून मेव्हण्याच्या लग्नावर. गेलं हे कळलं की परत यायचं. स्वतःवर चिडायचं नाही. या “गेलं हे कळलं”मध्येच सगळा अभ्यास आहे. मन भटकलं म्हणजे ध्यान फसलं, असं समजून कितीतरी लोक आठवडाभरात सोडून देतात. भटकणं लक्षात आलं तो क्षण उलट कामाचा असतो.

सजगतेची मुख्य शिकवण ‘सतिपट्ठान सुत्ता’त आहे. कुरू देशातल्या कम्मासधम्म नावाच्या गावी ती दिली, असं सुत्तातच म्हटलं आहे. तिथे लक्ष ठेवायच्या चार जागा सांगितल्यात: काय, वेदना, चित्त आणि धम्म. काय म्हणजे शरीर, त्याचा श्वास, त्याचं उठणं, बसणं, चालणं. चित्त म्हणजे मनाची आत्ताची अवस्था: रागावलेलं आहे, विखुरलेलं आहे, एकाग्र आहे. धम्म या सदरात मनात येणारे अडथळे, त्यांची कारणं, ती कशी मावळतात, असं सगळं येतं; त्यावर वेगळं लिहावं लागेल. मला थांबायचंय ते वेदनेपाशी, कारण खरी मेख तिथे आहे. वेदना म्हणजे इथे नुसतं दुखणं नव्हे. बरं वाटणं, वाईट वाटणं आणि दोन्ही न वाटणं, तिन्ही वेदनाच.

गुडघ्याचंच घ्या. मांडी घालून अर्धा तास झाला की घोट्याचं हाड फरशीला टोचायला लागतं, मग गुडघ्याच्या आतल्या बाजूनं कळ येते. एरवी आपण लगेच पाय बदलतो. शिबिरात सांगतात, बदलण्याआधी जरा बघा. बघायला गेलं की गंमत होते. “गुडघा दुखतोय” असा एकसंध ऐवज तिथे सापडतच नाही. एका ठिकाणी उष्णता असते, बाजूला ठणका, खाली दाब, मध्येच मुंग्या. ठणका वाढतो, ओसरतो, दोन बोटं सरकतो. आणि या सगळ्याच्या वर एक वेगळीच बडबड चाललेली असते: अजून किती वेळ? घंटा का वाजवत नाहीत? या वयात मला कुणी सांगितलं होतं? शेजारचा कसा हलत नाही? ठणका गुडघ्यात आहे. बडबड गुडघ्यात नाही.

‘सल्ल सुत्ता’त बुद्ध हेच दोन बाणांच्या दृष्टांतानं सांगतात. शरीराला दुखणं हा पहिला बाण; तो सगळ्यांना लागतो, शहाण्यालाही. त्यावर चडफडणं, रडणं, ऊर बडवणं हा दुसरा, आणि तो न शिकलेल्या माणसाला पहिल्यापाठोपाठ लागतोच. ध्यानानं पहिला बाण चुकतो असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं.

दुसरा बाण लागतो कसा, याची साखळी बुद्धांनी कडी कडी सुटी करून दाखवली. तिला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. बारा कड्यांची आहे, सगळी इथे नको. मधला तुकडा असा: स्पर्श झाला की वेदना होते, वेदनेतून तृष्णा उठते, तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणं. सांगलीकराला हे पटवायला ऑगस्ट महिना पुरे. 2019 साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हापासून पाणलोटात पाऊस लागला आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला की गावातला प्रत्येक जण फोनवर एकच आकडा शोधत असतो. “आयर्विनला किती झालं?” समजा फोनवर येतं, 38. डोळ्यांनी आकडा वाचला, हा स्पर्श. छातीत काहीतरी खाली बसलं, पोट आवळलं, ही वेदना. तिच्या मागोमाग “हे व्हायला नको, थांबायला पाहिजे” अशी ओढ, ही तृष्णा. आणि मग सुरू होतं ते थांबत नाही: गेल्या वेळी फ्रिज गेला, पोरांची सर्टिफिकेटं गेली, आपलंच नशीब असलं, आपण इथे घर घ्यायलाच नको होतं. पाणी अजून पात्रात आहे आणि माणूस घरात बसून गळ्यापर्यंत बुडालेला आहे.

वेदना आणि तृष्णा यांच्या मध्ये एक फट आहे. सजगतेचं काम त्या फटीत. पुलावरची पट्टी जशी 38 ला 38 दाखवते, भिऊन 50 दाखवत नाही की धीर द्यायला 30 दाखवत नाही, तसं छातीतलं ते बसणं आहे तेवढंच कळावं. तेवढं कळलं की पुढची ओढ सवयीनं आपोआप उठत नाही. उठली तरी उठताना दिसते.

इथे एक शंका हमखास येते. मग काय, पूर येऊ द्यायचा आणि नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवून बसायचं? अजिबात नाही. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगर अशा पुराच्या भागात राहणाऱ्यानं सामान वरच्या मजल्यावर टाकायचंच, गाडी विश्रामबागेकडे नेऊन लावायचीच. अलमट्टी धरणाच्या उंचीवर भांडायचं तर तेही भांडायचं. फक्त हे करताना दुसऱ्या बाणाचं ओझं डोक्यावर नसेल तर हात जास्त चालतात. मनाची समता म्हणजे थंडपणा, असा अर्थ काही साधकच करून घेतात आणि घरच्यांना वैताग आणतात.

आता ‘मी’कडे वळू. ज्याला आपण माणूस म्हणतो त्याचे बुद्धांनी पाच गठ्ठे केले, त्यांना खंध किंवा स्कंध म्हणतात. रूप म्हणजे शरीर. वेदना वर आलीच. सञ्ञा म्हणजे ओळखणं आणि ओळखलं की नाव चिकटवणं: हा मामा, ही पुणे गाडी, हा आपला नव्हे. संखार म्हणजे मनाच्या घडणी, त्यात इच्छा, सवयी, राग, निश्चय सगळं येतं. विञ्ञाण म्हणजे जाणीव, दिसल्याची, ऐकल्याची, सुचल्याची.

यातली सञ्ञा काय करू शकते याचा दाखला आपल्याच भागात आहे. 1901 ची उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्यात शिकणारे नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे रेल्वेनं मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावी खजिनदार होते, त्यांच्याकडे जायचं होतं. मुलांच्या अंगात विलायती पद्धतीचे नवे सदरे, डोक्यावर चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. न्यायला कुणी आलं नाही म्हणून पोरं फलाटावर ताटकळत होती. स्टेशनमास्तरांनी आस्थेनं चौकशी केली. कपड्यांवरून त्यांना ती ब्राह्मणांची मुलं वाटली होती. मुलांनी सांगितलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा एकदम पालटला आणि ते मागे सरले. पुढे बैलगाडीवालाही बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन, गाडी मुलांनी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं, या अटीवर तो तयार झाला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मास्तरांच्या समोरची मुलं तीच होती. टोप्या त्याच, धोतरं तीच, फलाट तोच. बदलला फक्त एक शब्द. त्या एका शब्दानं किळस उठवली, किळशीनं पाय मागे घेतले. आणि मास्तरांना तर वाटलं असणार की ते समोरची ‘खरी’ गोष्ट बघताहेत. ओळख म्हणजेच वस्तू, असं आपण धरून चालतो, इतरांबद्दल आणि स्वतःबद्दलही. आत्मा न मानणारा धम्म बाबासाहेबांना का जवळचा वाटला असेल, याचा विचार करताना मला दरवेळी मसूरचा फलाट आठवतो. माणसाच्या आत जन्मानं पक्का झालेला असा गाभाच नसेल, तर उच्चनीचतेला बसायला जागा उरत नाही. हा अन्वय माझा आहे, एवढं नोंदवून पुढे जातो.

सारनाथला पहिल्या प्रवचनानंतर त्याच पाच भिक्खूंना बुद्धांनी जे सांगितलं ते ‘अनत्तलक्खण सुत्त’. अनत्त म्हणजे अनात्म, आत्मा नसणं. युक्तिवाद अगदी सरळ आहे. हे शरीर जर ‘मी’ असतं, तर त्यावर माझा हुकूम चालला असता: असं हो, असं होऊ नकोस. चालतो का? केस पांढरे होऊ नकात म्हणून कोण सांगू शकलंय? मग तोच प्रश्न वेदनेला, सञ्ञेला, संखारांना, विञ्ञाणाला. रागाला येऊ नकोस म्हटलं तर तो थांबतो का? ऐन रात्री दोन वाजता विचारांना बास म्हटलं तर ते बास होतात का? त्यानंतर बुद्ध विचारतात: जे बदलतं, आणि म्हणून समाधान देत नाही, त्याला “हे माझं, हा मी, हा माझा आत्मा” म्हणणं रास्त आहे का? भिक्खू म्हणतात, नाही, भंते.

लक्षात घ्या, इथे “तू नाहीसच” असं कुठेही म्हटलेलं नाही. व्यवहारातल्या ‘मी’ला बुद्धांची हरकत नव्हती, ते स्वतःही ‘मी’ म्हणूनच बोलत. सातबाऱ्यावर नाव लागलंच पाहिजे, भावकीत वाटणी चोख व्हायलाच पाहिजे. हरकत आहे ती त्या नावामागे न बदलणारा, हुकूम चालवणारा एक मालक कायमचा बसलेला आहे, या समजुतीला. नुसत्या समजुतीला म्हणूनही भागत नाही, कारण ती बुद्धीनं खोडली तरी अंगात शिल्लक राहते. कुणी चारचौघांत “तुम्हाला काय कळतंय” म्हटलं की ती कान गरम करून उठते. म्हणून वाचून भागत नाही, बसावं लागतं.

आपल्याकडे घोटाळा होतो तो आणखी एका जागी. “शरीर मी नाही, मन मी नाही, मी त्यांना पाहणारा साक्षी” हे आपण कीर्तनात, प्रवचनात लहानपणापासून ऐकलेलं असतं. मग विपश्यनेला बसलेला माणूस वेदना पाहतो आणि सहज म्हणतो, बरोबर, हा पाहणारा म्हणजेच आत्मा. वेदान्तात हे उत्तर बसतं. बुद्धांच्या चौकटीत बसत नाही. साती नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. तो म्हणू लागला की तेच ते विञ्ञाण जन्मोजन्मी फिरत राहतं. बुद्धांनी त्याला बोलावून चांगलंच फटकारलं. डोळा आणि रूप यांच्या योगानं जी जाणीव उठते ती डोळ्याची, कान आणि आवाज यांच्या योगानं उठते ती कानाची. कारण गेलं की तीही गेली. पाहणं घडतं. पाहणारा म्हणून वेगळा कुणी मागे खुर्ची टाकून बसलेला नाही. दोन्ही परंपरा आपल्या जागी आदराच्या आहेत, पण “सगळं शेवटी एकच” म्हणून त्यांचा काला केला तर दोघींवरही अन्याय होतो.

मालक नाही तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न ग्रीक राजा मिलिंदानंही भिक्खू नागसेनांना विचारला होता. त्यांचा रथाचा दृष्टांत बहुतेकांना माहीत असतो. आंब्यांचा त्याहून झणझणीत आहे. एकानं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. राजापुढे उभा केल्यावर चोर म्हणाला, यानं जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते आंबे वेगळे. राजा त्याला सोडेल का? मिलिंद म्हणाला, नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यामुळेच झाले. तेच इथे. कालचा मी आणि आजचा मी एकच वस्तू नाही, पण सुटेही नाहीत. एकातून दुसरा घडलाय. जबाबदारीला एवढा दुवा पुरतो. पुनर्जन्माला तो पुरतो का, हा वाद जुना आहे. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा पेच बाबासाहेबांनीही आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उघडपणे मांडला आहे.

आणि वच्छगोत्ताची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. या परिव्राजकानं, म्हणजे फिरत्या संन्याशानं, बुद्धांना विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग, आत्मा नाही का? पुन्हा गप्प. तो उठून गेल्यावर आनंद या शिष्यानं कारण विचारलं. बुद्ध म्हणाले: आहे म्हटलं असतं तर आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्या शाश्वतवाद्यांच्या पंगतीत बसलो असतो, नाही म्हटलं असतं तर मेल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्या उच्छेदवाद्यांच्या; आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त “माझा होता तो आत्मा आता गेला” म्हणून आणखी गोंधळला असता. अनात्म हा वादात फेकायचा सिद्धान्त नाही, हे मला या मौनातून जास्त कळतं.

यासाठी जग सोडून हिमालयात जावं लागतं, असंही नाही. कऱ्हाडजवळच्या जखिणवाडीला आगाशिवाच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. अजिंठ्याचा थाट इथे नाही. चैत्यात स्तूप, बाजूला छोट्या खोल्या, खोलीत निजायला दगडी ओटा. खोलीत बसलं की हात पसरायला जेमतेम जागा. पण डोंगर उतरलं की कृष्णा-कोयनेचा संगम आणि जुनी बाजारपेठ. भिक्खूंना रोज भिक्षेसाठी वस्तीत उतरावं लागे, म्हणजे बाजारातली घासाघीस, शिव्या, वास, सगळं त्यांच्या वाट्याला येतच होतं. निरखायला माल लागतो, तो गावातच मिळतो.

आज आपल्याकडे जी पद्धत सर्वाधिक पसरली ती सत्यनारायण गोयंका यांची. जन्म ब्रह्मदेशातला, गुरू सयाजी ऊ बा खिन. 1969 साली ते भारतात आले, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. पहिले तीन दिवस श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जाणं, शेवटी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. पहाटे चारची घंटा, मौन, फी नाही. ही एक पद्धत झाली. ब्रह्मदेशातच महासी सयाडो यांच्या परंपरेत पोटाचं वर-खाली होणं पाहतात. तिकडे अमेरिकेत 1979 साली जॉन कबाट-झिन यांनी सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम काढला, दीर्घ दुखण्याच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला, आणि आता मोबाइल ॲपपर्यंत मजल आलीय. माझं त्याच्याशी भांडण नाही. ताण कमी होत असेल तर व्हावा. फक्त तिथे “माझा ताण, माझी झोप, माझी कार्यक्षमता” एवढंच राहतं, आणि ज्याची झडती घ्यायची तोच गिऱ्हाईक होऊन बसतो.

सुरुवात करायची तर घरी वीस मिनिटं पुरेत. खुर्चीवर बसलं तरी चालतं, पद्मासनाचा हट्ट नको. शिबिर करायचं असेल तर सांगलीकरांना हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याचं धम्मालय जवळ पडतं. अर्जात मानसिक आजार, चालू औषधं यांबद्दल प्रश्न असतात. तिथे काही लपवू नये. तीव्र नैराश्य, भास होणं, नुकताच बसलेला मोठा धक्का असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण दहा दिवसांच्या मौनात दबलेलं बरंच वर येतं आणि ते प्रत्येकाला एकट्यानं पेलत नाही. गोळ्या मनानं बंद करू नयेत. खुर्ची लागणार असेल तर तेही आधीच कळवावं.